झडपेवरचा हात

डॉक्टरांनी नोंदणीचं नूतनीकरण शेवटच्या दिवसावर ढकललं होतं, यात नवल काहीच नव्हतं. डॉक्टर सगळंच शेवटच्या दिवसावर ढकलत. लग्नालासुद्धा त्यांनी सासऱ्यांनी दिलेली मुदत संपता संपता होकार कळवला होता, तोही फोनवर, तोही डब्यात टाकायची नाणी संपत आली असताना.

जनावरांच्या डॉक्टरांनी जन्मभर शिकत राहावं, असा त्यांच्या परिषदेचा आग्रह होता. शिकतायत की नाही हे कळावं म्हणून प्रत्येक व्याख्यानाला गुण होते, आणि गुण भरले नाहीत तर नोंदणी बंद. मग नूतनीकरणाच्या पुढच्या फेरीपर्यंत कुत्र्याच्या कानातला मळ काढायचीही सोय नाही. डॉक्टरांची बायकोही जनावरांचीच डॉक्टर, त्यांच्याच वर्गातली, दवाखाना दोघांचा. तिचे गुण पहिल्या महिन्यातच भरून झाले होते. ती कॉलेजातही पहिल्याच आठवड्यात सगळ्या वह्यांना कव्हरं घालून यायची. डॉक्टरांनी मात्र गुण जमवले होते ते सगळ्यांत छोटी व्याख्यानं निवडून, त्यांतलं एक शहामृगांच्या पचनावरचं. दवाखान्यात कधी शहामृग आलं नव्हतं. आलं असतं तर दारातून मावलं असतं का, इथूनच सुरुवात झाली असती.

आता शेवटचे गुण उरले होते आणि शेवटचं व्याख्यान. विषय, 'कामाच्या धबडग्यात एकाग्रता'. वक्ता त्यांच्याच वर्गातला. हा गृहस्थ कॉलेजात मागच्या बाकावर इतका निवांत झोपायचा, की सगळे त्याला बोक्या म्हणायचे. आता तो इतरांना जागं कसं राहावं ते शिकवत होता आणि त्याच्यामागे पुस्तकांचं कपाट होतं.

पूर्वी लोक फोनवर व्याख्यान लावायचे आणि खुशाल लसी टोचायला निघून जायचे. म्हणून परिषदेनं एक युक्ती काढली होती. मधेच कधीतरी फोन किणकिणायचा, पडद्यावर चौकट उगवायची, 'आपण उपस्थित आहात का?' आणि खाली हिरवं बटण. मिनिटाभरात ते दाबलं नाही तर व्याख्यान बाद. ही तरतूद ज्यांच्यामुळे करावी लागली, त्यांत डॉक्टर आघाडीवर होते.

दुपारी ते चहाचा कप घेऊन खुर्चीत बसले, पाय स्टुलावर टाकले, आणि बोक्यानं "मित्रहो" म्हणायला आणि दार उघडायला एकच गाठ पडली. दारात सासूबाई. हातात घोंगडीत गुंडाळलेली ठमी.

ठमी म्हणजे सासूबाईंची कुत्री. बुटकी, लांबोडकी, म्हातारी, आणि सासरे गेल्यापासून त्या घरात ज्यांचं चालतं अशा दोघींपैकी एक.

"नुसतं पाणी पाणी करतेय हो," सासूबाई म्हणाल्या. "खाण्याला तोंड लावत नाही. आज तर उठेचना."

बायकोनं ठमीला टेबलावर घेतलं, पोटाची सोनोग्राफी केली आणि पडदा डॉक्टरांकडे वळवला. पडद्यावर गर्भाशय पुवानं टम्म भरलेलं दिसत होतं.

"काढायला लागणार. आत्ता."

"उद्या सकाळी घेतलं तर?" डॉक्टर म्हणाले.

"रात्रीत फुटलं तर सकाळी काय घेणार?"

मदतनीस बाई रजेवर होत्या, म्हणजे आत दोघंच. बायको शस्त्रक्रिया करणार, डॉक्टर भूल देणार. सासूबाई बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. बसता बसता म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही आहात ना आत?"

"आहे ना, आई."

"मग मला घोर नाही."

डॉक्टरांनी फोन भुलीच्या यंत्राला टेकवून ठेवला, वायर जोडून एका कानात इअरफोनचं बोंड घातलं आणि दुसरा कान ठमीसाठी मोकळा ठेवला. हात धुऊन, हातमोजे चढवून बायको आत आली आणि तिची नजर फोनवर गेली.

"हे काय?"

"व्याख्यान. आज शेवटची तारीख आहे गं."

"आईची कुत्री आहे ती."

"म्हणूनच एकच कान दिलाय बोक्याला."

बायको पुढेही काही म्हणाली, पण ते मास्कमध्येच राहिलं.

ठमी झोपली. तिच्या श्वासनळीत नळी, नळीचं दुसरं टोक यंत्राला, यंत्राला एक काळा रबरी फुगा. ती श्वास घेईल तसा फुगा हलायचा. फुग्याजवळ एक झडप, जास्तीचा वायू तिच्यातून बाहेर निघून जातो. कुत्र्याला वरून श्वास द्यायचा असला, की झडप बंद करायची, फुगा दाबायचा, झडप उघडायची. पोराटोरांनाही जमेल. फक्त शेवटची गोष्ट राहिली, तर यंत्रातून वायू येत राहतो आणि त्याला जायला वाट नसते. आधी फुगा फुगतो, मग फुप्फुसं, आणि त्या दाबाखाली हृदयाला रक्तच मिळत नाही. जगभरच्या जनावरांच्या डॉक्टरांच्या हातून ही चूक होते आणि जगभर ती होईपर्यंत कुणालाच वाटत नाही की आपल्या हातून होईल.

म्हणून या दवाखान्यात नियम होता. ज्या हातानं झडप बंद केली, तो हात झडप उघडेपर्यंत तिच्यावरून काढायचा नाही. फोन वाजो, छप्पर कोसळो. नियम डॉक्टरांचा स्वतःचा. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते तो ऐकवत, आणि ऐकवताना त्यांचा आवाज जरा खर्जात जाई.

बायकोनं पोट उघडलं. फोन किणकिणला, डॉक्टरांनी सहज बटण दाबलं. आभार, फोन म्हणाला.

"गर्भाशय कागदासारखं झालंय," बायको म्हणाली. "मी आता जोरात श्वाससुद्धा घेणार नाहीये. तिचा कसा आहे?"

"उथळ आहे. देतो एक."

डॉक्टरांनी झडप बंद केली. फुगा दाबला. ठमीची छाती वर आली. फोन किणकिणला.

दाबायला बोट पुढं केलं, तर बोट स्पिरिटनं ओलं. पडदा ढिम्म. पुन्हा दाबलं, तेवढ्यात फोन घसरायला लागला. तेव्हा त्यांनी दुसऱ्या हातानं फोन धरला, बोट ॲप्रनला पुसलं, हिरवं बटण दाबलं. हिरवी खूण उमटली. वाचलो, डॉक्टर मनात म्हणाले. त्यांनी फोन नीट टेकवला, बोंड कानात बसवलं. बोक्या सांगत होता, की माणसाचं मन एका वेळी एकच गोष्ट करू शकतं. खरं आहे, असं डॉक्टरांना वाटलं. त्यांनी मानसुद्धा हलवली.

"अरे," बायको म्हणाली. "रक्त काळपट का दिसतंय?"

"प्रकाश असेल."

"प्रकाश नाहीये. नाडी बघ."

नाडीचं यंत्र टुकटुक करत होतं. टुक. मग बराच वेळ काही नाही. टुक. डॉक्टरांनी ठमीची छाती पाहिली. ती वर आलेली होती आणि वरच होती. त्यांनी फुगा पाहिला. फुगा सुरकुतीविना, तुकतुकीत, मुलांनी खेळायला घ्यावा असा टणक झाला होता.

डॉक्टरांचा हात गेला झडपेवर. फस्स करून वायू बाहेर पडला, फुगा गळाला, ठमीची छाती खाली बसली. आणि खालीच राहिली.

"झडप?" बायकोनं विचारलं.

"झडप."

बायकोचे दोन्ही हात ठमीच्या पोटात होते आणि त्यांत एक रक्तवाहिनी चिमट्यात धरलेली होती. ती सोडता येत नव्हती.

"फुप्फुस फाटलंय का ऐक. दोन्हीकडं ऐक. आणि तो फोन टाक तिकडं!"

डॉक्टरांनी फोन उचलून पलीकडच्या खिडकीत भिरकावला. भुलीचा वायू बंद केला, नुसता प्राणवायू सोडला. वायर उपटली गेली होती, त्यामुळे बोक्या आता सगळ्या खोलीत बोलायला लागला. "मित्रहो, डोळे मिटा. आता माझ्याबरोबर एक दीर्घ श्वास घ्या."

"बोक्या आहे का तो?" बायकोनं वर न बघता विचारलं.

"हो."

"त्याला सांग, ती घेत नाहीये."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप डाव्या बरगड्यांवर ठेवला. उजव्या. मग पुन्हा डाव्या. हवा दोन्हीकडे जात होती. फाटलं नसावं. नसावं एवढंच, याहून जास्त खात्री देणारं काही त्या खोलीत नव्हतं. नाडी रेंगाळत होती. टुक. ठमी आपणहून काहीच करत नव्हती. आता तिला श्वास लागणार तो डॉक्टरांच्या हातचा.

झडप बंद. हलकेच दाब. झडप उघडी.

"बोल मोठ्यानं," बायको म्हणाली. "मला ऐकू आलं पाहिजे."

"बंद," डॉक्टर म्हणाले. "दाबतोय. उघडी."

"हं."

"बंद. दाबतोय. उघडी."

"सोडा," बोक्या म्हणाला. "सगळा ताण बाहेर सोडा."

"बंद. दाबतोय—"

खिडकीत फोन किणकिणला.

डॉक्टरांचा एक हात झडपेवर होता, दुसरा फुग्यावर. खिडकी हात लांबवून येण्यासारखी नव्हती. पण दोन श्वासांच्या मधे जाऊन येता आलं असतं, असं मन म्हणालं. व्याख्यान संपतच आलंय, शेवटचंच बटण असणार. मन भराभर बोलत होतं: फाटकावर लागणारी पाटी, नावापुढचा पुसलेला क्रमांक, सगळ्या शिक्क्यांवर एकट्या बायकोचं नाव, लोकांचं 'काय डॉक्टर, रिटायर का?' फोन पुन्हा किणकिणला. नाडी म्हणाली, टुक.

बायकोनं या वेळी वर पाहिलं. खिडकीकडे नाही. झडपेवरच्या हाताकडे.

"उघडी," डॉक्टर म्हणाले.

"हं."

"बंद. दाबतोय. उघडी."

फोन किणकिणत राहिला, मग दमला. एका गोड बाईच्या आवाजानं सांगितलं, की आपण अनुपस्थित असल्यामुळे आपलं सत्र रद्द करण्यात आलं आहे. बोक्याचा आवाज वाक्याच्या मधेच तुटला. खोलीत टुकटुक तेवढी उरली. आणि ती टुकटुक थोडी जवळजवळ यायला लागली होती, हे दोघांनाही कळत होतं.

"बंद," डॉक्टर म्हणाले, आणि थांबले. फुगा त्यांनी दाबला नव्हता. फुगा आपणहून हलला होता. अगदी इतकासा.

"उघड, उघड!" बायको म्हणाली. "घेऊ दे तिला तिचा."

त्यांनी झडप उघडली. ठमीनं एक श्वास घेतला, बराच विचार केला, आणि दुसरा घेतला.

बायकोनं गाठ मारली, गर्भाशय उचलून थाळीत ठेवलं आणि टाके घालायला लागली. टाके नेहमीपेक्षा सावकाश पडत होते. शेवटचा पडल्यावर ती म्हणाली, "आईला मी सांगू?"

"नको. मी सांगतो."

"सगळं?"

"अर्धं सांगता येईल का?"

"तुला येतं," बायको म्हणाली. "म्हणून विचारलं."

सासूबाई बाकावर तशाच बसल्या होत्या. डॉक्टरांना बघून उठल्या.

"आई, ठमी ठीक आहे. आजची रात्र काळजीची, पण ठीक आहे. गर्भाशय काढलं. पण मधे माझ्या हातून चूक झाली. एक झडप उघडायची राहिली. तिचं हृदय थांबायला आलं होतं."

सासूबाई खाली बसल्या. "राहिली कशी?"

"फोनवर बटण दाबायला गेलो."

"कसलं बटण?"

"मी हजर आहे, असं कळवायचं."

सासूबाईंनी त्यांच्याकडे इतकं निवांत पाहिलं, की डॉक्टरांना ॲप्रनवरच्या डागाकडे बघावं लागलं.

"मला द्यायचात फोन. मी इथं बसून दाबत राहिले असते. दुसरं काय करत होते?"

"ते मीच दाबायचं असतं, आई."

"मग दाबलंत की तुम्हीच."

डॉक्टर ॲप्रनची गाठ सोडायला लागले.

"मग मिळालं का, जे मिळायचं होतं ते?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. शेवटचं बटण दाबलं नाही. उद्यापासून पुढची फेरी होईपर्यंत मला काम करता येणार नाही."

"का नाही दाबलंत?"

"तेव्हा ती श्वास घेत नव्हती."

सासूबाई पर्सची चेन उघडत बसल्या, मग लावत बसल्या. त्यांनी माफ केलं, असं म्हणायला काही आधार नव्हता. "तिच्याजवळ कोण आहे आत्ता?"

"तुमची लेक."

"तुम्हीही जा. शुद्धीवर येईपर्यंत हलायचं नाही तिथून." त्यांनी हात पुढं केला. "आणि फोन इथं ठेवा."

डॉक्टरांनी फोन दिला. आत ठमी पिंजऱ्यात घोंगडीवर आडवी होती, जीभ बाहेर, पोटाला पट्टी. डॉक्टर फरशीवर बसले आणि त्यांनी तिच्या बरगड्यांवर हात ठेवला. बायकोनं त्यांच्याकडे एक उशी सरकवली, आणि ती हत्यारं धुवायला गेली.

बाहेर फोन वाजला. किणकिण नव्हे, नेहमीची रिंग. सासूबाईंचा आवाज दारातून स्पष्ट आला.

"कोण? ... वर्गातले का? ... हो, तुमचं मधेच बंद पडलं म्हणे." मग बराच वेळ बोक्या काहीतरी सांगत असावा. ठमीची बरगडी हाताखाली वर आली, खाली गेली.

"आहेत," सासूबाई म्हणाल्या. "आत आहेत. पण तुम्हाला नाही मिळायचे."