मंचरच्या घंटागाडीची घालमेल

मित्रांनो, मी मंचरची एक जुनी घंटागाडी आहे. माझे इंजिन बंद असले तरी आत काहीतरी थरथरतच असते. येत्या गुरुवारी मला भंगारात नेणार आहेत, पण ही थरथर त्या भीतीची नाही.

मी नवी आले तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला. संपत माझा चालक झाला. लंकाबाई मागच्या फळीवर उभी राहून लोकांचे डबे घेऊ लागली. "गाडी आली, आता गाव चकचकीत!" असे ऐकले की मी फुगून जाई. सडके कांदे, बटाट्याची साले, प्लॅस्टिक, फुटक्या चपला, सगळे एकत्र गिळायचे आणि गावाबाहेरच्या कचरा डेपोवर ओतायचे. ढीग टेकडीएवढा झाला. तो आतून सडत होता. त्या सडण्यातून निघणारा वायू पृथ्वीला ताप आणतो, हे मला कुठे ठाऊक होते?

एका चैत्रातल्या दुपारी तोच वायू भडकला आणि ढिगाने पेट घेतला. लंकाबाई पलीकडे बाटल्या वेचत होती. धुरात ती दिसेना. "मावशे!" असे ओरडत संपतने मला उलटी थेट धुरात घातली. माझे टायर करपू लागले. लंकाबाईने चाचपडत माझी फळी धरली, तसे संपतने मला धुराबाहेर काढले.

पंधरा दिवसांनी ती खोकतच कामावर परतली. पहिल्याच गल्लीत तिने भाजीवाल्या गोजरबाईची बादली परत केली.

"ओलं येगळं, सुकं येगळं. न्हाईतर घेनार नाय."

"आगं, निवडत बसायला मला येळ व्हय? तुला पगार कशाचा मिळतो?"

"मी त्या ढिगात गुदमरून आले, गोजराक्का. त्यात तुमचेबी कांदे जळत व्हते."

गोजरबाईने बादली रस्त्यावर ओतली आणि दार लावून घेतले. तक्रारी झाल्या. संपत घाबरला. "मावशे, नोकरी जाईल."

"जाऊ दे. छातीच गेली तर नोकरी घेऊन काय करू?"

रोज दारोदार भांडण, आणि तोवर मी तिथेच धूर सोडत उभी. मला मेल्याहून मेल्यासारखे होई. तिसऱ्या आठवड्यात गोजरबाईने दोन बादल्या आणल्या. "तुझा खोकला घरात ऐकू येतो गं," एवढेच ती म्हणाली.

हळूहळू गल्ली बदलली, मग दुसरी. ओल्या कचऱ्यासाठी गोबरगॅससारखा प्रकल्प उभा राहिला. आज त्या गॅसवर मुलींच्या वसतिगृहात भाकरी भाजतात. आळे, पिंपळवंडी अशा गावांची माणसे तो प्रकल्प पाहून गेली. शेवटी बॅटरीवरची नवी गाडी आली. संपतने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "तुझा धूरबी कमी करायचा हाय, बाई." त्याचे खरे होते. तरी वाईट वाटायचे ते वाटलेच.

आता मी भिंतीकडेला उभी आहे. काल जाता जाता कुणीतरी माझ्यात एक काळी पिशवी भिरकावली. वांग्याचे देठ, शिळा भात आणि दुधाच्या पिशव्या, सगळे एकाच गाठीत. उन्हाने ती फुगत चालली आहे; माझी थरथर तिचीच आहे. माझी घंटा काढून नेली आहे. मला ओरडता येत नाही. मित्रांनो, इकडून जात असाल तर थांबा, आणि गुरुवारच्या आत ती गाठ सोडा.