आतून एकही गाठ नको

"गाठ मारायला विसरलीस ना, पोरी? बघ, सगळं सुटलं."

आईचा हा आवाज मी बावन्न वर्षांपूर्वी दाराआडून ऐकला. त्यात राग नव्हता. दूध उतू गेल्यावर असते तेवढीच हळहळ होती. बोलणं ताईला होतं. ताई तेव्हा तेरा वर्षांची, मी नऊ. जमिनीवर लाल लोकरीचा ढीग पडला होता, न्हाल्यानंतरच्या केसांसारखा कुरळा. आदल्या दिवसापर्यंत तो ढीग टोपी होता. थंडीत कुडकुडणाऱ्यांसाठी शाळेत मदतीची पेटी ठेवली होती, आणि ताईनं पंधरा दिवस खपून पेटीसाठी ती टोपी क्रोशानं विणली होती.

ताई रडली नाही. म्हणाली, "हो आई. विसरले असेन."

आणि दाराआड मी दातांवरून जीभ फिरवत उभी होते. दातांच्या फटीत लाल लोकरीचा एक तंतू अडकला होता, तो काही केल्या निघत नव्हता.

त्या दिवशी ताईनं क्रोशाची सुई ठेवली ती ठेवलीच. गाठीचं मात्र तिनं मनावर घेतलं. बुटाच्या नाडीला दोन गाठी, वेणीच्या फितीला दोन, डब्याच्या फडक्याला दोन. पुढे ती औषधाच्या दुकानात लागली आणि चाळीस वर्षं तिथंच राहिली. आसपासच्या चार गल्ल्यांत लोक म्हणायचे, बाईंनी बांधलेली पुडी सुटेपर्यंत ताप आपोआप उतरतो. कुणी लग्नाचा विषय काढला की ताई म्हणायची, "मला दोन गाठींची सवय. दुसरा नवरा कुठून आणू?" सगळे हसायचे. मीही हसायचे, पण सगळ्यांत शेवटी.

मी सांगितलं नाही. नवव्या वर्षी भीती होती. विसाव्या वर्षी लाज. पुढे संसार लागला, पोस्टाच्या खिडकीतली नोकरी लागली, आणि वाटलं, आता कशाला जुनं उकरायचं? आई हाताला काम असलं की काहीबाही गुणगुणायची. त्यातलं एक कडवं मला नकोसं व्हायचं.

लोकरीचा धागा
ओढताच सुटे,
मनातला कुठे
सुटे बाई.

ती ते सहज म्हणायची, वाटाणे सोलता सोलता. मला मात्र त्या वेळी नेमकं अंगणात काहीतरी काम निघायचं.

गेल्या वर्षी ते औषधाचं दुकान बंद झालं आणि ताई माझ्याकडे राहायला आली. अकरा गाठोडी घेऊन. ती सोडवायला आम्हाला दोन दिवस लागले, माझी दोन नखं कामी आली. हे गेल्यापासून, मुलगा परगावी राहायला लागल्यापासून, मी एकाच कपात चहा प्यायचे आणि तोच कप विसळून ठेवायचे. आता नळाखाली दोन कप एकमेकांवर आपटून वाजायला लागले. तो आवाज माझ्या इतका अंगवळणी पडला की एखाद्या सकाळी उगीच धसकायचे, ही गाठोडी परत बांधली गेली तर?

आमच्या गल्लीच्या टोकाला शिंपीणबाईंचं दुकान आहे. दर मंगळवारी दुपारी आम्ही चारपाच जणी तिथं बसून टोप्या विणतो. इस्पितळात एक वॉर्ड आहे, तिथल्या माणसांचे औषधानं केस जातात. त्यांच्यासाठी या टोप्या. वॉर्डातल्या नर्सबाईंनी नियम लिहून दिलेत, तो कागद शिलाई मशीनच्या वर चिकटवला आहे. लोकर मऊ हवी. घेर अडीच वीत. टोपी उबदार हवी, पण जड नको. आणि शेवटी, खाली रेघ मारून लिहिलंय, आतून एकही गाठ नको. केस गेले की डोक्याची कातडी तान्ह्या बाळासारखी होते. झोपेत बारीकशी गाठही खड्यासारखी टोचते.

मग धाग्याचं टोक पक्कं कसं करायचं? तर ते सुईत ओवून टाक्यांच्या पोटातून इकडून तिकडे, तिकडून इकडे, तीन-चार वेळा फिरवायचं. गाठ न मारताही ते घट्ट बसतं. बसतं हे माझ्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असेल!

मला स्वतःला विणकाम बेताचंच. माझी पहिली टोपी शिंपीणबाईंनी उलट्या पातेल्यावर चढवून पाहिली. चढेना. मग किटलीवर चढवली. तिथं नेमकी बसली.

"छान झाली," त्या म्हणाल्या. "आता हिचा चहा दुपारपर्यंत गरम राहील."

ताई माझ्याबरोबर यायची, पण नुसती बसायला. हाताची घडी घालून. पहिले दोन महिने तिनं फक्त नजरेनं विणलं. माझा एखादा खांब, म्हणजे उभा टाका, चुकला की तिची भुवई उडायची. एका मंगळवारी तिला राहवेना.

"अगं, चार खांब घातलेस, पाच हवेत. आण इकडे."

तिनं सुई हातात घेतली. बावन्न वर्षांनी. बोटं क्षणभर अडली आणि मग अशी चालायला लागली की शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं. साखळी, खांब, खांब. एकाच घरात पाच खांब घालून त्यांची तोंडं एका फासात आवळली की बाहेरच्या बाजूला टपोरा दाणा उठतो. तसे दाणे, ओळीमागून ओळ, मक्याच्या कणसासारखे. लोकरही तिनं मोहरीच्या फुलासारखी पिवळी निवडली.

"हे कुठं लपवलं होतं हो, ताई?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"लपवलं नव्हतं. टाकून दिलं होतं," ताई म्हणाली. "माझं विणलेलं टिकत नाही."

मी खाली बघून टाके मोजायला लागले. माझ्या हातात त्या वेळी विणकामच नव्हतं, ते ताईच्या हातात होतं.

नऊ दिवसांत टोपी झाली. ती घरात आल्यागेल्याला दाखवायची, आणि कुणी कौतुक केलं की, "त्यात काय एवढं," म्हणून पुन्हा दाखवायची. मी तिला इतकं उजळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी सगळ्या टोप्यांची तपासणी शेजारच्या सलूनमध्ये होते. सलूनवाल्यांना स्वतःला एक केस नाही. तो त्यांचा गुण आम्ही कामाला लावला आहे. गिऱ्हाईक नसलं की ते खुर्चीत रेलून बसतात, एकेक टोपी चढवतात, डोळे मिटतात आणि डोकं खुर्चीच्या पाठीवर इकडून तिकडे घोळवतात.

"बिनकेसाच्या डोक्याला काय टोचतं," ते म्हणतात, "ते बिनकेसाचं डोकंच जाणे."

त्या शनिवारी एकोणतीस टोप्या पास झाल्या. माझीही झाली, "थोडी कानांवर येत नाही, पण एखाद्याला ऐकायला बरं," असा शेरा घेऊन. तिसावी ताईची. ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, आरशात तिच्याकडे पाहिलं.

"वा! अशी टोपी मिळणार असेल तर टक्कल पडलेलं परवडलं."

त्यांनी ती चढवली, डोळे मिटले, डोकं टेकलं. आणि एक डोळा उघडला.

"बाई, आत वाटाणे भरलेत काय?"

त्यांनी टोपी उलटी केली. दाण्याला मागून जी पोकळी असते, त्या पोकळ्यांमध्ये ताईनं गाठी दडवल्या होत्या. एक, दोन, तीन, चार. प्रत्येक दुहेरी. चाळीस वर्षांच्या पुड्यांचा हात, हूं की चूं न करणाऱ्या गाठी.

"नियम वाचलात ना?" सलूनवाले हळू आवाजात म्हणाले.

"वाचला."

"मग?"

"गाठीशिवाय मी देणार नाही."

"आणि गाठींसकट मला पुढं पाठवता येणार नाही. पाच वाजता इस्पितळाची गाडी येईल. त्या कापा, टोकं आत विणा, दहा मिनिटांचं काम आहे."

ताईनं त्यांच्या हातातून टोपी घेतली, घडी केली आणि पिशवीत ठेवली. पिशवीच्या बंदांना गाठ मारली. मग दुसरी.

"राहू दे," ती म्हणाली. "एकोणतीस झाल्यात, पुष्कळ झाल्या. मी आपली मंगळवारी घरीच बरी."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. मी पुढे झाले आणि भित्र्या माणसासारखी आडवाटेनं गेले.

"ताई, दे ना, मी काढते गाठी. मी विणते टोकं. तू बघूही नकोस."

"आणि सुटली तर?"

"नाही सुटत गं."

"तुला काय माहीत?" ती वळली. "अगं, त्या माणसाचं आधीच एकेक सुटत चाललंय. केस गेले, भूक गेली, झोप गेली. त्यात एक दिवस उठून बघावं तर डोक्यावरची टोपीही उसवलेली, उशीवर धाग्याचा ढीग? मी बघितलाय तो ढीग. एकदा सुटलं ना माझ्या हातचं? ते देण्याचंच होतं. कुणाच्या तरी डोक्याला ऊब मिळायची होती, ती माझ्या विसराळूपणानं राहिली. पुन्हा नाही."

समोर आरसा होता, मागेही आरसा. दोन्हीकडे ताई दिसत होती, ओळीनं लहान लहान होत गेलेली, अगदी शेवटी तेरा वर्षांची असावी इतकी लहान. आणि प्रत्येक ताईच्या शेजारी मी, तोंड मिटून. सकाळचे दोन कप माझ्या डोळ्यांपुढे आले. पाठोपाठ एकटाच एक कप आला. मग ती बंदांना गाठी मारलेली पिशवी.

"ताई," मी म्हणाले, "तू विसरली नव्हतीस."

"काय?"

"लाल टोपी. ती सुटली नव्हती. मी सोडवली."

सलूनवाल्यांच्या हातातला कंगवा तसाच राहिला. शिंपीणबाई दारातून आत येत होत्या, त्यांनी पाय उंबऱ्यावरच ठेवला.

"तू?" ताई म्हणाली.

"मी. तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा."

ताई खुर्चीच्या कडेवर टेकली. मी अकरा गाठोडी मोजली, मनातल्या मनात, दोनदा. मग तिनं विचारलं ते अगदी कामाचं, औषधाच्या दुकानात बाटलीवरची तारीख विचारावी तसं.

"गाठ होती का?"

"नव्हती. टोक नुसतं आत विणलेलं होतं."

"मग लगेच निघालं असेल."

"कुठलं! सापडलंच नाही आधी. सापडलं तर हलेना. तुझी केसांची पिन घेतली, ती वाकडी झाली. मग आईची दाभणासारखी सुई घेतली, ती बोटात गेली. अर्धा तास, ताई! शेवटी दातांत धरून ओढलं तेव्हा कुठे निघालं. दोन दिवस हिरडी दुखत होती."

"अर्धा तास," ताई म्हणाली.

"जास्तच असेल."

"गाठ नसताना."

"गाठ नसताना."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आधी वाटलं, आता रडते. पण ती उठली आणि दोन्ही हात माझ्या नाकापुढे धरले. "ही बोटं बघ! बघ नीट! चाळीस वर्षं प्रत्येक पुडीला दोन गाठी! हिशेब कर, किती गाठी जास्तीच्या झाल्या! लोक कात्री घेऊन यायचे गं माझ्या दुकानात! आणि ही, ही बया, शेजारी बसून हसायची!"

"शेवटी हसायचे," मी म्हणाले.

"मेली!" ताई म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. थांबेचना. शिंपीणबाईंनाही त्याची लागण झाली, त्या दाराच्या चौकटीला धरून हसायला लागल्या. सलूनवाले तेवढे गंभीर राहिले. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि सगळ्यांत बारीक कात्री पुढे केली.

पिशवीच्या गाठी ताईनं सोडवल्या नाहीत, बंदच कापले. टोपी उलटी करून मांडीवर घेतली आणि चारही गाठी उडवल्या, टच, टच, टच, टच. मग सुईत टोक ओवलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. चौथं टोक आत गेल्यावर तिनं टोपी माझ्या हातात दिली.

"ओढ."

"काय?"

"तुला चांगलं जमतं. ओढ."

मी ओढलं. नखानं ओढलं, चिमटीत धरून ओढलं. हललं नाही. "दातानं पण बघ," ताई म्हणाली. तेही केलं. सलूनवाले म्हणाले, "आता धुवायला लागेल ती," पण टोपी घेऊन त्यांनी डोक्यावर चढवली, डोळे मिटले, डोकं घोळवलं. डोळे उघडलेच नाहीत. आम्हाला वाटलं, झोप लागली.

"तीस," ते म्हणाले.

गाडीला अजून तासभर होता. शिंपीणबाई खोका आणायला गेल्या. ताई सलूनच्या बाकावर माझ्या शेजारी बसली, अगदी जवळ, लहानपणी एका रजईत बसायचो तशी. कापलेल्या चार गाठी तिच्या तळहातावर होत्या, मोहरीच्या दाण्यांसारख्या.

"एक सांग," ती म्हणाली. "का ओढलंस? मी तुला काही बोलले होते का? मारलं होतं?"

"नाही."

"मग?"

त्या दिवशी घरात कुणी नव्हतं. मी ती टोपी घालून आईच्या छोट्या आरशासमोर उभी राहिले होते. कान उबदार झाले होते. लाल रंग मला शोभत होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं. आणि दुसऱ्या दिवशी ती पेटीत जाणार होती, कुणा अनोळखी डोक्यासाठी. हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, खरं तर स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

"मला हवी होती गं ती टोपी, ताई," मी म्हणाले. "तू माझ्यासाठी विणावीस, असं वाटत होतं."