फक्त आई चालवताना

गाडी घरी येऊन अकरा दिवस झाले होते आणि त्यातले नऊ दिवस ती वाजत होती. आता आठ वर्षं दुसऱ्याकडे राबून आलेली गाडी म्हटल्यावर थोडंफार वाजणारच. दार कुरकुरायचं, वायपर रडायचा, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण हा आवाज वेगळा होता. ब्रेक दाबला की 'खट्', आणि गाडी पुन्हा निघाली की जरा मागून, जरा हळू 'टक्'. गाडीच्या पोटात कुणीतरी बसलंय आणि सारखी कडी काढतंय, लावतंय, असं वाटायचं.

आणि वाजायची कधी, तर फक्त आई चालवताना. काका चालवायला बसला की गाडी मुकी. गॅरेजवाल्या वस्तादांच्या हातात गेली की इतकी गुणी व्हायची, जसं पाहुण्यांसमोर आणून बसवलेलं पोर.

मग निकाल लागायला कितीसा वेळ लागतो? काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. वीस वर्षं गाडी चालवत होता, आणि त्यातली निदान दहा तरी त्याने इतरांना गाडी कशी चालवावी हे सांगण्यात घालवली होती. तो एकदा आईच्या शेजारी बसला, आवाज ऐकला आणि डॉक्टरसारखी मान हलवली. वहिनी क्लच झटक्यात सोडतात, ब्रेकवर पाय आदळतात, गाडी बिचारी दुसरं काय करणार. घरी येऊन चहाचा कप हातात घेऊन त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं, की नाचता येईना अंगण वाकडं.

बाबा हसले. बाबांना गाडी चालवता येत नव्हती, ते शेजारी बसायचे आणि पहिल्या सिग्नलच्या आत झोपायचे, तेव्हा त्यांच्या हसण्याला काही किंमत नव्हती. पण आईसुद्धा हसली, आणि ते शिडीला खटकलं.

शिडी म्हणजे या घरातली एकुलती एक मुलगी. नववीत होती आणि उंचीने थेट बाबांच्या घराण्यावर गेली होती, जिथे सगळे ताडमाड. शिडी हे नाव काकानेच ठेवलेलं. पूर्वी ते ऐकलं की ती रडकुंडीला यायची. पण या वर्षी विज्ञानाच्या तासाला तिने उभं राहून सांगितलं की फळ्यावरचं उत्तर चुकलंय, आणि ते खरंच चुकलेलं निघालं. तेव्हापासून तिला उंचीचा उपयोग कळला होता. आपण उभे राहिलो की सगळ्यांना दिसतो, मग दिसतोच आहोत तर बोलून घ्यावं.

आई या ताडांमध्ये एकटीच बुटकी. तिचं डोकं लेकीच्या खांद्यापर्यंत यायचं. ती नर्स होती, सतरा वर्षं एकाच वॉर्डात. आता हॉस्पिटलने नवीन काम काढलं होतं. ज्यांना अंथरुणातून उठता येत नाही अशा पेशंटच्या घरी जायचं, जखमा धुवायच्या, इंजेक्शनं द्यायची, घरच्यांना शिकवायचं. आईला ते काम मनापासून हवं होतं. अट एकच, गाडी स्वतःची आणि चालवायची स्वतः. त्या अटीपायी तिने त्रेचाळिसाव्या वर्षी, दोनदा नापास होऊन, लायसन्स काढलं होतं. सोमवारी सकाळी आठपर्यंत हेडसिस्टरला हो किंवा नाही कळवायचं होतं.

शनिवारी संध्याकाळी आईने युनिफॉर्मला इस्त्री करता करता सांगून टाकलं, की ती नाही म्हणणार आहे. वॉर्डात काय वाईट आहे, म्हणाली. शिडीने कारण विचारलं तेव्हा तिने इस्त्री उभी केली.

"सगळ्यांच्या हातात गप्प असते आणि माझ्याच हातात वाजते. म्हणजे खोट हातातच आहे ना गं? कुणीतरी घरी वाट बघत पडलेलं असायचं आणि मी अशी रस्त्यात अडकलेली. नको."

"पण अंगण मोजून बघितलं का कुणी?" शिडी म्हणाली.

"कसलं अंगण?"

"काका म्हणाला ना, नाचता येईना वगैरे. मग आधी अंगण खरंच सरळ आहे का ते बघू. उद्या संध्याकाळपर्यंत कुणाला काही कळवू नकोस."

आईने काही कबूल केलं नाही, पण हेडसिस्टरला फोनही केला नाही. शिडीने त्याचा अर्थ हो असा घेतला.

वॉर्डात ताप उतरत नसला की आई तक्ता आखते. वेळ, ताप, काय खाल्लं, कोणतं औषध, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. आईचं म्हणणं असं, की त्या रकान्यात जे वाटेल ते लिहावं, पेशंट कुरकुरला, खिडकी उघडी होती, काहीही. लिहिताना ते फालतूच वाटतं. शिडीने वहीत अगदी तसाच तक्ता गाडीसाठी आखला. कोण चालवतंय, रस्ता कसा, ब्रेक हळू की जोरात, आवाज आला की नाही, शेरा. मागच्या नऊ दिवसांतल्या आठवतील तेवढ्या फेऱ्याही तिने त्यात भरल्या.

रविवारी सकाळी तिने डिकी रिकामी केली. स्टेपनी, जॅक, दोरी, एका दांडीचा गॉगल, सगळं फरशीवर मांडलं. आईला गाडीत बसवलं, स्वतः मागे बसली आणि घराभोवती एक चक्कर मारायला लावली. कोपऱ्यावर ब्रेक. खट्. निघाली. टक्.

मग डॅशबोर्डचा कप्पा रिकामा केला. खट्. मग किल्लीच्या जुडग्यातून घराच्या, कपाटाच्या, हॉस्पिटलच्या लॉकरच्या किल्ल्या काढल्या. खट्. मग पाण्याच्या बाटल्या, छत्री, पायाखालच्या मॅट, चारही सीटच्या डोक्याच्या उशा. खट्, टक्. आठव्या चकरेला आई म्हणाली, की आता फक्त तूच उतरायची राहिलीस. शिडी उतरली. रस्त्याच्या कडेला उभी राहिली, आणि बंद काचेतूनही तिला आईचा चेहरा बघून कळलं की खट् झालं.

दुसरं कुणी असतं तर वही मिटली असती. शिडीला उलट चेव चढला. आवाज सामानाचा नाही, हे आता छातीठोक सांगता येत होतं. वस्तादांचं गॅरेज रविवारी दुपारपर्यंत उघडं असायचं. ती आईला घेऊन निघाली. काका साक्षीदार म्हणून आपण होऊन आला, कारण फुकटची गंमत तो सोडत नसे.

वस्ताद म्हणजे उभा बांबू. हात काळे आणि स्वभाव गोड. त्यांची एक पद्धत होती, तपासणीची गाडी मालकाला चालवू द्यायची नाही. गाडी माझ्या हातात द्या, ती माझ्याशी बोलेल, असं ते म्हणायचे. ते चालवायला बसले, आई शेजारी, मागे काका आणि शिडी. शिडी नेमकी वस्तादांच्या मागे, गुडघे हनुवटीला टेकवून. तीन रस्ते, दोन खड्डे, सहा ब्रेक. गाडी शहाण्यासारखी गप्प.

परत आल्यावर वस्तादांनी आईला फार प्रेमाने समजावलं. गाडी ठणठणीत आहे ताई, पाय जरा हलका ठेवायचा, होईल सवय. काकाने शिडीकडे बघून भुवई उडवली. ते प्रेमच आईला जास्त लागलं. गाडी बाहेर काढताना ती इतकी जपून चालवत होती, की एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला. तरी वळणावर खट् झालंच. आईने वेग आणखी कमी केला.

शिडी नेहमीसारखी आईच्या मागे बसून शेरा लिहीत होती. 'पाय पसरून बसता आलं' असं लिहिलं, आणि सहज तिची नजर वरच्या ओळीवर गेली. 'वस्ताद. गुडघे मोडले.' त्याच्या वर, 'आई. ऐसपैस.' आणखी वर, मंगळवारी, 'काका. गुडघ्याला मुंग्या.' तिने बोट ठेवून पूर्ण रकाना वाचला. मग शेजारचा आवाजाचा रकाना वाचला. मग दोन्ही पुन्हा वाचले. जिथे जिथे गुडघे दुखले होते तिथे आवाज नव्हता. जिथे जिथे पाय पसरले होते तिथे खट्.

"आई," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "गाडी परत वस्तादांकडे वळव."

वस्ताद हात धूत होते. शिडीने सांगितलं, की तुम्ही पुन्हा चालवा, पण सीट आईच्या जागी ठेवून, पार पुढे ओढून. वस्ताद हसले. मग काय पाय दुमडून खिशात ठेवू, म्हणाले. काका म्हणाला, पुरे आता, माणसाला जेवायला जाऊ दे. शिडी आणखी बोलणार होती, पण तिच्याआधी आई बोलली.

"वस्ताद, पेशंट म्हणतो पोट दुखतंय, तर मी त्याच्या पोटालाच हात लावते. माझं दुखत नाही म्हणून त्याचंही दुखत नाही, असं सतरा वर्षांत कधी म्हटलं नाही. माझी गाडी माझ्या जागेवर बसून तपासा."

वस्तादांनी हात पुसले, सीट पुढे ओढली आणि कसेबसे आत शिरले. दोन गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंनी वर आले, नाक काचेला लागायचं तेवढं राहिलं. बाकीचे तिघे मुकाट्याने बसले. गाडी फाटकाबाहेर पडली, वीस पावलं गेली, आणि वस्तादांनी ब्रेक दाबला.

खट्.

त्यांनी गाडी पुढे काढली. टक्. पुन्हा ब्रेक, आणि या वेळी इतका हळू की मांडीवरचं मांजरही जागं झालं नसतं. खट्.

"काका," शिडी म्हणाली, "वस्तादांचाही पाय जडच का रे?"

काका खिडकीबाहेर बघू लागला.

गाडी परत लावून वस्ताद खाली गुडघ्यांवर बसले आणि बॅटरी घेऊन सीटखाली वाकले. सीट जिच्यावर पुढेमागे सरकते त्या लोखंडी पट्टीच्या मागच्या टोकाला प्लास्टिकचं झाकण होतं. ते काढून त्यांनी आत दोन बोटं घातली. बाहेर आला तो अंगठ्याएवढा बोल्ट. तो त्यांनी तळहातावर फिरवून बघितला. मग त्यांनी सीट दोन्ही हातांनी धरून हलवली, आणि ती एका कोपऱ्यातून बोटभर वर उचलली गेली.

ते सांगू लागले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. सीट चार बोल्टांनी गाडीच्या तळाला धरलेली असते. त्यातला हा एक निघून पट्टीत पडला होता आणि शेजारचा नुसत्या बोटाने फिरत होता. उंच माणूस सीट मागे घेतो, तेव्हा सीटबरोबर सरकणारी वरची पट्टी सुट्या बोल्टला कोपऱ्यात दाबून ठेवते. सीट पुढे आली की बोल्टाला रान मोकळं, ब्रेकला पुढे, निघताना मागे. अकरा दिवसांत जर कधी खरोखर करकचून ब्रेक लावायची वेळ आली असती, तर सीट आईसकट उपटून पुढे गेली असती.

आईने एकदा शिडीकडे बघितलं आणि तिचा दंड घट्ट धरला.

"तीनदा गाडी बघितली मी," वस्ताद म्हणाले, "आणि तिन्ही वेळा आधी सीट मागे सारली. तीस वर्षांची खोड. दार उघडलं की हात आपोआप तिथे जातो. ताई, चूक माझी आहे."

काकाने हळूच कबूल केलं की तोही बसल्याबरोबर तेच करतो. एवढं बोलून त्याला बरं वाटलं असावं, कारण मग तो शेजारची सीट स्वतःच हलवून बघू लागला.

वस्तादांनी बोल्ट बसवला, लांब दांड्याच्या पान्याने चारही पिळले, मग न सांगता बाकीच्या सीटही तपासल्या. गॅरेजमागच्या रिकाम्या रस्त्यावर आईने गाडी काढली. या वेळी सायकलवाल्याला मागे टाकण्याइतका वेग घेतला आणि ब्रेकवर पाय असा रोवला, की मागे काकाच्या तोंडून 'अगं आई' निघालं. गाडीतून काहीच आलं नाही. तिने पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा, आणि त्याची काही गरज नव्हती.

रस्त्याच्या कडेला गाडी बंद करून तिने फोन काढला. शिडीला वाटलं, आता आई हेडसिस्टरसमोर नेहमी करते तसा आवाज बारीक करून बोलेल.

"सिस्टर, मी येतेय त्या कामाला. हो, विचार करूनच सांगतेय. आणि ऐका, लांबची घरं कुणी घेत नसेल तर ती मला द्या." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही हो, रस्ता वाईट असला तरी चालेल."

काकाने विचारलं, लांब म्हणजे नेमकं किती लांब. आईने वस्तादांच्या उंचीला गेलेला आरसा आपल्या डोळ्यांपर्यंत खाली ओढला आणि किल्ली फिरवली.

"भाऊजी," ती आरशातून म्हणाली, "आधी पट्टा लावा."