गाडीची ओटी

"डॉक्टरीणबाई, गाडी तुम्ही चालवता, मग तुमचे यजमान कुठे बसतात?"

विचारलं एकदाचं! शालन आणि सुमन धर्मशाळेच्या खांबाआड तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. "भाषण ठोकतेस ना मोठी, मग हे विचारून दाखव," असं शालन म्हणाली होती. मी नववीतली मुलगी, आमच्या गावातून चिंचवडच्या शाळेत चालत जाणारी. गॅदरिंगला सगळ्या शाळेपुढे एकटी उभी राहून बोलले होते. तेव्हापासून मला कशाची म्हणून भीती वाटत नव्हती.

दुर्गाबाई हात धूत होत्या. त्यांनी टॉवेल घेतला, एकेक बोट पुसलं आणि म्हणाल्या, "ते ना? ते वर बसतात. तिथून मला सारखं सांगतात, सावकाश चालव, सावकाश चालव."

"टपावर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्याच्याही वर गं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग मला कळलं. शालनला आणि सुमनला कळलं नाही, त्या अजून खिदळत होत्या.

आता हा प्रश्न नुसता आमचा चावटपणा नव्हता. सगळ्या गावाला हे जाणून घ्यायचंच होतं. दुर्गाबाई दर गुरुवारी पुण्याहून यायच्या, धर्मशाळेच्या खोलीत बायकांना तपासायच्या आणि एक पैसा घ्यायच्या नाहीत. अंबुबाईच्या सुनेला त्यांनी अगदी मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. तेव्हापासून अंबुबाईला त्यांची ओटी भरायची होती. पण ओटी सवाष्णीची भरतात. बाईंचं कपाळ मोकळं, हातात बांगडीऐवजी घड्याळ. शिकलेल्या बायका हल्ली कुंकू लावत नाहीत असंही ऐकून होतो. मग विचारायचं कुणी? मी विचारलं.

विहिरीवर मी हे सांगितल्यावर अंबुबाईचा चेहरा उतरला. घागर बाजूला ठेवून ती खालीच बसली. "माझ्या घराचं सोनं केलं त्या बाईनं," ती म्हणाली, "आन् मी तिच्या पदरात मूठभर तांदूळ टाकू नये व्हय?"

गुरुवारी अंबुबाई ओटीचं ताट घेऊन तरातरा फाट्यावर गेली. आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून बाईंची काळी गाडी मुंबई रस्त्याच्या फाट्यावर लिंबाखाली उभी असायची. अंबुबाईने गाडीच्या कपाळाला, म्हणजे दिव्यांच्या मधे, हळदीकुंकू लावलं. मागचं दार उघडून खण, नारळ, तांदूळ, हळकुंड आणि वर नव्या पैशांतलं एक चकचकीत नाणं असं सगळं गाठोडं बांधून बैठकीवर ठेवलं.

"गाडी काय विधवा न्हाई," ती म्हणाली. "तिची भरली म्हंजी बाईची भरली."

"मग तिचा धनी कोण गं?" माझ्या आईने विचारलं.

"डायवर!"

"डायवर तर बाईच हाय की!"

सगळ्या बायका हसून हसून वाकल्या. दुर्गाबाई आल्या आणि गाडीचं कुंकू बघून थबकल्या. हसल्या, मग चष्मा काढून पुसत बसल्या. चष्मा पुसायला एवढा वेळ लागत नाही.

त्यानंतर चालच पडली. ज्या घरी बाळंतीण सुखरूप सुटायची, त्या घरची बाई गाडीची ओटी भरायची, मग दुर्गाबाई दाराला किल्ली लावायच्या. पण गुरुवारी फाट्यावर बाजार भरतो. पिंपरीला कंपनी निघाल्यापासून कुठून कुठून माणसं येतात, ट्रक थांबतात. कोण कुणाचा, कुणाला ठाऊक नसतं. एका गुरुवारी दुर्गाबाई गाडीपाशी गेल्या तर मागची काच फोडलेली, गाठोडं गायब, त्यांची औषधांची पेटीही गायब.

त्या रागावल्या नाहीत. आम्हा तिघींना त्यांनी गाडीपाशी बोलावलं आणि शाळेत शिकवतात तसं सांगितलं. "आत काही दिसलं की हात शिवशिवतात. म्हणून आत काही ठेवायचंच नाही. पेटी मी बरोबर नेणार. हा पुढचा कप्पा उघडा टाकणार, म्हणजे बाहेरूनच दिसेल की रिकामा आहे. रिकामी गाडी कोण फोडतंय? आणि तुम्ही बायकांना सांगा, ओटी आता पुरे. ही गाडी माझ्या भावाची आहे. मागून आणते मी."

मग काय, आम्ही दवंडीच पिटली! शालन डबा बडवायची आणि मी ओरडायची, "ऐका हो ऐका, गाडीत काही ठेवायचं नाही होऽ!" बायका दारात येऊन हसायच्या, पण ऐकायच्या. अंबुबाईनेसुद्धा ऐकलं. पुढे कितीतरी गुरुवार गाडी लिंबाखाली तशीच उभी राहिली, कुणी तिला बोट लावलं नाही.

त्याच सुमारास माझी कुसुमताई चऱ्होलीहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

ताई आली की आमच्या घराचा आवाज बदलतो. बदलायचा. ती माझी वेणी घालताना इतकी घट्ट ओढायची की भुवया वर जायच्या, आणि म्हणायची, "हौसा, आता तुला भाषण करायला डोळे मोठे करावे लागणार नाहीत." मी तिला शाळेतल्या गोष्टी सांगायची. पोटावर हात ठेवून ती ऐकायची आणि मधेच म्हणायची, "थांब, हा पण ऐकतोय." मी म्हणायची, ही. आमचं त्यावरून भांडण व्हायचं.

दुर्गाबाईंनी तिला तपासलं, पोट पुन्हा एकदा चाचपलं. मग आईला म्हणाल्या, "सुभद्राबाई, मूल आडवं आहे. अजून फिरेल कदाचित. पुढच्या गुरुवारी बघते. नाही फिरलं तर मी हिला गाडीतून पुण्याला दवाखान्यात घेऊन जाईन. काळजी करू नका."

आई तो आठवडाभर नीट जेवली नाही. सारखी ताईकडे बघायची आणि नजर वळवायची.

गुरुवारी माझे वडील, आबा, कंपनीत पहिल्या पाळीला होते. मला शाळेला सुट्टी होती. आई सकाळपासून अंगावर घोंगडी घेऊन फाट्यावर जाऊन उभी राहिली, मीही तिच्याबरोबर होते. गाडी आल्यावर म्हणाली, "तुमी व्हा म्होरं बाई, पेटी मी आणते." दुर्गाबाई गाडीपाशीच तिची वाट बघत उभ्या राहिल्या, पण पाठ फिरवून, बाजारात आलेल्या एका बाईशी बोलत. आईने पेटी काढली, दार लावलं, बाईंनी किल्ली फिरवली. मला यात काहीच वेगळं दिसलं नाही. आई फक्त जरा जास्त वेळ आत वाकली होती.

घरी बाईंनी ताईला तपासलं. मूल फिरलं नव्हतं.

"चला," त्या उठून म्हणाल्या. "आत्ताच निघू. दोन लुगडी घ्या, बाकी काही नको."

ताई घाबरली होती, पण तिला गाडीत बसायचं होतं हेही खरं. "हौसा, मी तुझ्याआधी गाडीत बसणार बघ," माझ्या कानात म्हणाली. मी तिचं गाठोडं घेतलं. आई, बाई, ताई आणि मी हळूहळू फाट्यावर आलो.

मागच्या दाराची काच फुटली होती. बैठकीवर, खाली, सगळीकडे काचेचे तुकडे आणि त्यात तांदूळ. पांढरे तांदूळ, थोडे हळदीने पिवळे झालेले. आईची काळी घोंगडी अर्धी बाहेर लोंबत होती. नारळ नव्हता, खण नव्हता.

दुर्गाबाईंनी आईकडे बघितलं. "सुभद्राबाई. मी सांगितलं होतं ना हो?"

"झाकून ठिवलं होतं की बाई," आई म्हणाली. "घोंगडी घातली होती वरून. दिसत न्हवतं काई. माझ्या लेकीसाठी ठिवलं होतं. म्हनलं, आधीच भरली तर गाडी तिला नीट नेईल, नीट आणील."

"झाकलं होतं म्हणूनच फोडली हो. झाकलेल्यात काय असेल असं वाटतं माणसाला." मग त्यांचा आवाज लगेच मऊ झाला. "जाऊ दे. काच फुटली, गाडी चालते. मी बैठक झाडते, तुम्ही कुसुमला पुढे बसवा."

त्या वाकून काचा झाडू लागल्या. मी ताईचा हात धरला आणि पुढचं दार उघडलं.

"न्हाई," आई म्हणाली.

ती पुढे झाली.

"लेकीच्या नावाची ओटी लुटून न्हेली. ह्या काचा, हे तांदूळ सांडलेलं. ह्यात मी पोटुशी पोर बसवू? आज न्हाई. पुढल्या गुरुवारी बसवते, तुमच्या पाया पडते."

"सुभद्राबाई, कळा कधीही सुरू होतील. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"आई, जाऊ दे ना तिला!" मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. बाजारातली माणसं बघायला लागली.

"तू गप ऱ्हा. भाषण शाळंत करायचं."

दुर्गाबाई पुष्कळ बोलल्या. अंबुबाई आली, तिने बघितलं आणि तीही आईच्या बाजूने झाली. म्हणाली, "बाई, तुमचं खरं हाय, पर आजचा दिवस ऱ्हाऊ द्या." ताईला कुणी विचारलं नाही. दाराच्या मुठीवर हात ठेवून ती उभी होती. आईने तो हात हळूच सोडवला आणि तिला घराकडे वळवलं. बाई म्हणाल्या, "मग निदान उद्या कुणाला तरी घेऊन पुण्याला या, आगगाडीने या." आईने मान हलवली. दुसऱ्या दिवशी कुणी गेलं नाही. आबा पाळीवरून आले तेव्हा आईने त्यांना सांगितलं, आणि ते "बघू" म्हणाले.

रविवारी सकाळी कळा सुरू झाल्या. गावची सुईण आली, मग चिखलीची आली. दिवसभर चाललं. दारात बसून मी ताईचा आवाज ऐकत होते. मधे तिने मला हाक मारली, पण मला आत जाऊ दिलं नाही. संध्याकाळी आबांनी बैलगाडी जुंपली, चिंचवड स्टेशनला न्यायचं ठरवलं. गाडीत गवत घातलं, त्यावर गोधडी. मी तिच्या डोक्यापाशी बसले. "हौसा, ही आता ऐकत नाही गं," ती म्हणाली. ही म्हणाली ती. हा नाही म्हणाली. स्टेशन दिसायच्या आधीच ती गेली. बाळ आतच होतं.

पुढचं मला लिहिता येत नाही.

गुरुवारी दुर्गाबाई आल्या, पण एसटीने, हातात छोटी पेटी घेऊन. आमच्या घरी आल्या, आईसमोर जमिनीवर बसल्या. आईने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, तर त्यांनी पाय ओढून घेतले आणि आईचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

उठताना त्या आबांना म्हणाल्या, "भावाने गाडी द्यायचं बंद केलंय. दोनदा फुटली, त्याचंही बरोबरच आहे. गाडीपाशी दिवसभर कुणी माणूस बसणार असेल तरच ने, म्हणतो. मी एसटीने येत राहीन. पण अडलेल्या बाईला एसटीतून न्यायचं कसं, मला माहीत नाही."

आबांनी चावडीवर विषय काढला. गावाने ऐकून घेतलं. बाजारचा दिवस, कुणाला माळवं विकायचं, कुणाला पाळी. कुणी म्हणालं ह्याने बसावं, कुणी म्हणालं त्याने. शेवटी सगळे "बघू" म्हणाले. हा शब्द मला आता सहन होत नाही.

काल विहिरीवर शालन भेटली. पैजा लावणं तिने आता सोडलंय. तिची सरूवहिनी आठव्या महिन्यात आहे आणि तिचे पाय सुजून भोपळे झालेत. "गाडी आता येणार नाही ना गं?" शालनने विचारलं. मी घागर तशीच तिथे ठेवली आणि घरी आले.

आबा पाळीवरून येऊन पाय धूत होते. आई चुलीपुढे होती. चूल पेटलेली नव्हती, तरी ती तिथेच बसते हल्ली.

"आबा, दुर्गाबाईंना पत्र टाका," मी म्हणाले. "गाडीपाशी माणूस मिळाला म्हणून लिहा."

"कोण?"

"मी."

आबांनी तांब्या खाली ठेवला. "आन् शाळा?"

"गुरुवारी शिवण आणि चित्रकला असते. मला दोन्ही येत नाही."

"बाजाराच्या दिवशी, फाट्यावर, वयात आलेली पोर एकटी बसणार? लोक काय म्हणतील?"

"लोक बघू म्हणतील, आबा. दुसरं काय म्हणतात ते?"

मी आईकडे वळले. तिच्याकडे बघून बोलणं मला फार जड गेलं, पण तिच्याकडे बघूनच बोलले.

"मी गाडीत बसून अभ्यास करणार. आत कुणाला काही ठेवू देणार नाही, उघडं नाही की झाकून नाही. तुलासुद्धा नाही, आई. आणि बाई ज्या बाईला पुण्याला चल म्हणतील, तिला मी हाताला धरून गाडीत बसवणार. काच फुटलेली असली तरी, तांदूळ सांडलेले असले तरी. तू आडवी आलीस तरी बसवणार."