जोडीतला उरलेला वॉकीटॉकी

मित्रांनो, मी एक वॉकीटॉकी आहे. खरं म्हणजे अर्धाच. आम्ही दुकानात जोडीनेच मिळतो, एकट्याला कुणी विकत घेत नाही. माझा जोडीदार आता नाही. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. सेल काढून ठेवलेल्या यंत्राला ऐकू येतं, पण वाईट वाटून घ्यायची सोय नसते.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. पहिली आठवण आहे ती सिडनीच्या टोकाला, स्कोफिल्ड्समधल्या एका कोऱ्या घराची. श्रीनाथने खोका उघडला, जोडीदाराला स्वतःच्या पट्ट्याला अडकवलं आणि मला रुचाच्या हातात दिलं. रुचा त्याची मुलगी, तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती. ती वरच्या खोलीतून गॅरेजमधल्या बाबाला सांगायची, "बाबा, डिनर रेडी आहे, ओव्हर!" तेही इतक्या जोरात की मध्ये माझी गरजच नसायची. त्या घरात माझे फार लाड झाले. माझ्या पाठीवर मांजराचं स्टिकर आहे, ते तेव्हाचंच.

श्रीनाथ मूळचा पुण्याचा. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि सुट्टी लागली की त्याला जंगलाचं वेड लागायचं. पण कुठलंही जंगल त्याला चालत नसे. जिथे नळ आहे, संडास आहे, नंबर घातलेल्या जागा आहेत, अशा कॅम्पला तो नाक मुरडायचा. "ही तर सोसायटीच झाली," म्हणायचा. त्याला हवं असायचं उत्तरेकडचं, दिवसभर गाडी हाकल्यावर लागणारं सरकारी जंगल. तिथे कच्च्या रस्त्यापासून थोडं आत, सपाट जमीन दिसेल तिथे तंबू ठोकायचा. पाणी घरून न्यायचं, खड्डा आपणच खणायचा आणि कचरा आपणच परत आणायचा. मोबाइलला रेंज नसे, म्हणून तर आम्हाला घेतलं होतं. त्याची बायको विनीता दर वेळी कुरकुरायची आणि दर वेळी कुकर मात्र आठवणीने गाडीत टाकायची.

गेल्या ईस्टरच्या सुट्टीत आम्ही तिथेच होतो. जेवणं झाल्यावर श्रीनाथ म्हणाला, "जरा त्या टेकडीच्या माथ्यापर्यंत जाऊन बघतो." जोडीदार त्याच्या पट्ट्याला होता. मी रुचाच्या मांडीवर होतो.

काही वेळाने त्याचा आवाज माझ्यातून आला. "रुचा, माथ्यावर पोचलो. मस्त आहे गं इथे." मग थोडं थांबून, "बरं, येतो मी."

"ओके बाबा!" रुचाने सांगितलं आणि तंबूकडे वळून ओरडली, "आई, ही इज कमिंग!"

विनीताने चहाचं आधण ठेवलं.

चहा उकळला, गाळला, गार झाला. रुचाने मला तोंडाशी धरून बाबाला हाका मारल्या, आधी हळू आणि मग रडत. माझ्यातून नुसती खरखर येत होती. उजेड उतरू लागला तेव्हा विनीताने तिला गाडीत बसवलं आणि रेंज येईपर्यंत गाडी हाकली.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले, नारिंगी कपड्यांतले स्वयंसेवक आले. एक पोलीसबाई रुचापुढे गुडघे टेकून बसली. "डॅडी शेवटचं काय म्हणाले, डार्लिंग?" तिने इंग्रजीत विचारलं.

"ही सेड ही वॉज कमिंग बॅक," रुचा म्हणाली.

विनीता शेजारीच उभी होती. तिलाही रुचाने ओरडून तेवढंच सांगितलं होतं. परत येणारा माणूस चुकला असेल तर माथा आणि तंबू यांच्यामध्येच कुठेतरी असणार, म्हणून सगळ्यांनी अलीकडचा उतार झाडून काढला. पलीकडे उतरायचं कुणाला सुचलं त्याच्या पुढच्या दिवशी. पलीकडे ओढा होता आणि ओढ्याकाठी शेवाळलेले खडक होते. श्रीनाथ तिथे सापडला. जोडीदार त्याच्या हातात होता. मध्ये डोंगर आला की आमचा आवाज पोचत नाही, त्यामुळे तो किती वेळ बोलत होता ते मला माहीत नाही. पडल्यावर तो बराच वेळ जिवंत असावा, असं पोलिसांनी विनीताला बाजूला घेऊन सांगितलं. तिने मान हलवली आणि तंबूच्या दोऱ्या सोडायला घेतल्या.

पुण्याहून श्रीनाथची आई आली. शेजारच्यांनी डबे आणून दिले. घरात सगळे हळू बोलू लागले. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडून होतो आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

एका सकाळी विनीताने माझे सेल काढायला घेतले. रुचा समोर दूध पीत होती.

"बाबाचा लास्ट मेसेज याच्यातूनच आला," ती म्हणाली.

"काय म्हणाला होता गं? त्याच्याच शब्दांत सांग." विनीताने सहज विचारलं.

रुचाने बाबासारखा आवाज काढला. "बरं, येतो मी."

विनीताचा हात तिथेच थांबला. मित्रांनो, तुमच्या लक्षात आलंच असेल. आपल्यात निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, ते अशुभ मानतात. तो 'येतो' म्हणतो आणि जातो. श्रीनाथ परत फिरला नव्हता, तो निरोप घेऊन पुढे निघाला होता. पण रुचाच्या घरात सगळे एकमेकांना 'बाय' म्हणत. 'येतो'चा हा अर्थ तिला कुणी कधी शिकवलाच नव्हता.

"व्हॉट, आई?"

"काही नाही. तू पोलिसांना बरोब्बर सांगितलंस," विनीता म्हणाली.

रुचा शाळेत गेल्यावर तिने सासूला सगळं सांगितलं. दोघी रडल्या नाहीत.

"आई, उद्या निघताना तिच्यासमोर 'येते' म्हणू नका," विनीता म्हणाली. "तिने अर्थ विचारला तर तिला सगळं कळेल."

"मग काय म्हणू?"

"'जाते' म्हणा."

"ज्या घरातून माझा मुलगा गेला, त्या घरातून निघताना 'जाते' म्हणू?"

विनीताने नळ सोडला आणि ती भांडी घासू लागली.

दुसऱ्या दिवशी दारात टॅक्सी आली. आजीने रुचाला जवळ घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला. तिचे ओठ आयुष्यभराच्या सवयीने हलले. मग ती थांबली.

"जाते गं, बाळा," ती म्हणाली.

"ओके आजी. बाय!"

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवतात, आमची नीट निगा राखा. माझी नाही राखलीत तरी चालेल. मला आता खोक्यात भरून कचऱ्याच्या डेपोवर नेणार आहेत. पण रुचा अजून स्कोफिल्ड्सच्या शाळेत जाते. ती कधी भेटली तर तिला खेळायला घ्या. तिच्या घरी जा, पोटभर दंगा करा. आणि तिच्या दारातून निघताना मात्र नुसतं बाय म्हणा.