पूजलेली काच

अष्टमीच्या सकाळी मस्तगडच्या घरात अण्णांनी शरयूला आवडता खेळ पुन्हा दाखवला. एका जुन्या व्होल्टमीटरची काच त्यांनी आईच्या रेशमी सोवळ्याने घासली. तारा जोडलेल्या नसतानाही आतली सुई वर उठून काचेला चिकटली. मग त्यांनी काचेवर तोंडाची वाफ सोडली, तशी सुई मुकाट जागेवर आली.

"रेशीम लागलं की ही खोटं बोलते. नसलेली वीज दाखवते, असलेली लपवते. कोरड्या हवेत तर बिलकुल भरवसा न्हाई," अण्णा म्हणाले. "हिच्याआधी वीज ओळखायला बेडकाची तंगडी होती. ती रेशमाला भुलत नसे."

"बेडकाला काय वाटत असेल?"

"त्याला कोण विचारतंय, बाई."

सोवळं घासायला घेतलं म्हणून आई दुपारपर्यंत बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. अण्णा ज्या जिनिंग कारखान्यात विजेचं काम बघत, तिथे यंत्रांची पूजा होती. डायनामो तेवढ्यापुरता थांबवलेला. मालक जगन्नाथशेठनी रेशमी उपरण्याने मीटरची काच लख्ख पुसली, तिच्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. नारळ फुटला, वाजंत्री सुरू झाली. पलीकडच्या खोलीत कुणीतरी घाईने डायनामो चालू केला. त्या गलक्यात तो कुणालाच ऐकू आला नाही.

वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या उघड्या पट्ट्यांवर ओला हार घसरला होता. अण्णांनी मीटर पाहिला. सुई शून्यावर. तरी वाफ सोडायला ते काचेवर वाकले.

"भालचंद्रराव, पूजेला उष्टं तोंड लावता?" शेठ म्हणाले. "विटाळेल न्हाई का?"

अण्णा ओशाळून हसले, सरळ झाले आणि त्यांनी हार उचलायला हात घातला.

तबक घेऊन शरयू मागेच उभी होती.

अण्णांच्या तेराव्याला शेठ म्हणाले, "हुशार माणूस. नजरचूक झाली." पुढे गावभर तेच बोललं गेलं. शरयूच्या भावाला, दीनानाथला, शेठनी कामावर घेतलं होतं. ती गप्प राहिली. शेजारणी "कसं बघितलं न्हाई हो त्यांनी?" म्हणत, तेव्हाही.

पुढच्या खंडेनवमीला अण्णांच्या जागी धर्मराज होता. काच पुसायला शेठनी खांद्यावरचं उपरणं काढलं.

"मीटर बराबर बघत जा रे," ते त्याला म्हणाले. "भालचंद्ररावांनी बघितलं न्हाई, म्हणून गेले."

शरयूने तबक खाली ठेवलं.

"बघितलं होतं," ती म्हणाली. दीनानाथने तिचा हात धरला. तिने तो सोडवला. "अण्णांनी बघितलं होतं, शेठजी. रेशमानं सुई अडकते हे त्यांना ठाऊक होतं. वाफ सोडायला ते वाकले होते. तुम्ही त्यांना थांबवलंत."