फळ्याचे तीन हजार फोटो

मित्रांनो, कोपऱ्याला तडा गेलेला, बॅटरी फुगल्यामुळं पाठीला रबर बांधलेला मी एक मोबाइल आहे. वय चार वर्षं. आमच्यात एवढं म्हणजे म्हातारपणच.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य परंड्याच्या दुकानातून सुरू झालं. मेंढरं राखणाऱ्या बब्रुवानांनी लेकीच्या, हर्षालीच्या कॉलेजसाठी मला घेतलं. पहिल्या वर्षी माझ्यावरचे धडे ऐकून ती वर्गात पहिली आली. दसऱ्याला तिच्या आईनं, धुरपताबाईंनी, मला पुस्तकांशेजारी मांडून हळदकुंकू वाहिलं. तेव्हापासून घरात कायदाच झाला. पोरीच्या हातात मी दिसलो की कुणी हाक मारायची नाही. "अभ्यास करतीया," म्हणत आई भाकरीसुद्धा स्वतःच थापायची. त्या माउलीला काय ठाऊक, माझ्या पडद्यावर कुणाच्या तरी वरातीचा व्हिडिओ नाचत असायचा.

हर्षाली लबाड नव्हती हो. सरांनी फळा भरला की ती फोटो काढायची आणि म्हणायची, "वाचीन निवांत." तो निवांतपणा काही आला नाही. फोटो काढला म्हणजे डोक्यात गेलं, असं तिला मनापासून वाटायचं. मला भीती वाटायची, पण सांगणार कसं?

शेवटच्या वर्षी येरमाळ्याहून स्थळ आलं. तिला पुढं शिकायचं होतं. बब्रुवान म्हणाले, "पास हो, मंग पाव्हण्यांना म्या न्हाय म्हनतो. नापास झालीस तर मला आडवू नकु."

परीक्षेला जाताना एसटीत तिनं फोटो उघडले. तीन हजार. फळ्यापुढं कुणाचं तरी डोकं, अक्षरं पुसट, कुठला धडा कुठं याचा पत्ता नाही. स्टँड आला तरी ती शोधतच होती.

निकाल तिनं माझ्यावरच पाहिला आणि मला उशीखाली सारलं. "दादा, लागला न्हाय अजून," असं ती बापाला आठ दिवस सांगत राहिली. नवव्या दिवशी तिनंच नापास झाल्याचं खरं सांगितलं. बब्रुवानांनी नुसता हात पुढं केला. तिनं मला त्यांच्या हातात दिलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मी साठवलेलं माझ्यातच राहतं, तुम्ही वाचाल तेवढंच तुमचं. हे तिला सांगता आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बब्रुवानांनी येरमाळ्याला फोन लावला. "पाव्हणं, या पोरगी बघायला." पलीकडून शिक्षणाचं विचारलं. दारात हर्षाली उभी होती.

"झालं तिचं तेवढं बास," ते म्हणाले.

आणि मित्रांनो, ते शब्द मीच पोचवले, अगदी स्पष्ट.